बर्बनला मका किती लागतो?

दिंडोरी,
३ सप्टेंबर २०१४

ति. स्वरूपमामास,
अजिंक्यचा सा. न. वि. वि.

फोन केला की आई तुझ्या हातातून ओढून घेते, म्हणून हे पत्र कंपनीच्या पत्त्यावर. मामीचं बाळंतपण करायला ती ओमानला तुमच्याकडे सोहारला आली, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

आमच्या डिस्टिलरीचं लायसन्स आलं! या हंगामात दोनशे लिटरची शंभर पिंपं बर्बन व्हिस्की भरायचीय. पार्टनर म्हणतो पन्नास टन धान्य घेऊ. जास्त झालं तर गोदामात किडे पडतील, कमी पडलं तर भट्टी मध्येच थंड. तू प्लँट चालवणारा माणूस, अंदाज बांधून दे.

आईला मी 'बर्बनचा कारखाना' एवढंच सांगितलंय. ती बिस्किटांचा समजली आणि मी समजू दिलं. पंचाईत अशी, की मला मका हवाय तो तिच्याच शेतातला. तू तिला हळूच तयार कर ना! तुझ्या लेकीला, छोट्या उर्वीला पापा.

भाच्यावर आजवर ठेवलीस तशीच मर्जी ठेव.
तुझा,
अजिंक्य

सोहार,
१६ सप्टेंबर २०१४

चि. अजिंक्य यास अनेक आशीर्वाद.

एक किलो वाळलेल्या धान्यातून साधारण चारशे मिली शुद्ध अल्कोहोल सुटतं. तुझ्या एका पिंपात ते सव्वाशे लिटर असेल, म्हणजे पिंपामागे सव्वातीनशे किलोच्या आत-बाहेर. शंभर पिंपांना बत्तीस टन, वर सांडलवंडीला दोन. त्यात पाऊण भाग मका, उरलेलं राय नावाचं गव्हासारखं धान्य आणि मोड आणलेला सातू. पार्टनरला आवर. आणि बाटलीवर बर्बन लिहू नकोस, तो हक्क अमेरिकेचा.

हे सगळं मी रुस्ताक गावच्या मजीदला फोनवर सांगत होतो. त्याचं धान्याचं दुकान आहे. ताईनं मागून ऐकलं आणि त्याच्याकडून परस्पर तिन्ही पिठं मागवली. काल त्याची बिस्किटं भाजली, दगडासारखी! असला माल कोण खाणार, पोराचा कारखाना बुडणार, म्हणून ती रडवेली झालीय. मी तोंड उघडणार नाही. यल्ला, चल, तूच सांग.

तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे, दाढेचं सांगता येत नाही.
तुझा,
स्वरूपमामा

सोहार,
२८ सप्टेंबर २०१४

चि. अजिंक्यला आईचे आशीर्वाद, रागावूनच.

परवा मी पुन्हा बिस्किटं केली, दुप्पट लोणी घालून. सोनलमामीनं एक तुकडा तोंडात धरला आणि तिला राहवेना. म्हणाली की वन्सं, आता पुरे, या धान्याची दारू होते.

तेव्हापासून मी स्वरूपशी बोललेले नाही. इथल्या मराठी मंडळात मी तुझ्या बिस्किटांच्या पुड्यांचे रंगसुद्धा सांगून बसलेय! दारूचा राग आहेच, पण लागलं ते वेगळंच. बाबा गेल्यावर तू नापास झालास तरी पहिलं मला येऊन सांगायचास. आता लायसन्स आलं आणि मी सोडून सगळ्यांना ठाऊक. एवढी भीती वाटावी अशी मी कधी झाले रे?

मका हवा असेल तर मागायचा, समोर बसून, स्वतःच्या तोंडानं. मी चौदा ऑक्टोबरला पोचते. तोवर कापणी झाली तर कणसं गोणीत कोंबू नकोस, अंगणात पसर आणि चांगलं ऊन दाखव. राखणीला तू स्वतः बस, पार्टनरला बसवू नकोस. भट्टीला नारळही मीच वाढवीन, पण आत पाऊल टाकणार नाही.

माया आहेच, ती काही लायसन्सवर चालत नाही.
तुझी,
आई