सिकंदराबादचा बंगला गेला

हैदराबाद, १० मे १९५६

सौ. केसर हीस प्रेमपूर्वक आशीर्वाद.

माझी प्रकृती उत्तम आहे, आवाज तेवढा बसला आहे. आईचा खोकला कमी झाला का?

ट्रंक भरू नकोस. सुट्टीसाठी ठरवलेला सिकंदराबादचा बंगला गेला. मालक खानसाहेब जामबागच्या माझ्या सभेला येऊन बसले होते. मराठवाडा महाराष्ट्रात गेलाच पाहिजे, हैदराबादशी आपलं नातं संपलं, असं मी गरजलो. सकाळी ते म्हणाले, "रिश्ता खतम बोले ना आपीच? फिर बंगला कायकू होना?"

राज्यं वेगळी होणार म्हणून पाहुणचारही तुटतो का, यावर मी तासभर बोललो. "वा, तकरीर अच्छी है," म्हणत त्यांनी फाटक लावून घेतलं.

सभेतला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण कार्यकर्त्यांच्या चहापाण्यातून तुला आठ दिवस तरी सुटका मिळावी, म्हणून तो बंगला धरला होता. संताप त्याचा होतो.

आमचा कार्यकर्ता दत्तोबा म्हणाला, "वहिनींना अंबरपेठला माझ्याकडेच आणा. रोज बैठक असते, सगळ्यांच्या चहाची सोय होईल."

त्याला मी एकाच शब्दात नाही म्हणालो. तो अजून पुढच्या वाक्याची वाट पाहतो आहे.

तुझाच,
देवराव