सकाळी मागे, संध्याकाळी पुढे

३ डिसेंबर
डोकं सणकलंय. अण्णांनी सांगलीत स्वतःच्या हातांनी घडवलेलं पितळी सूर्यघड्याळ! ते गेल्यावर मांडीवर घेऊन जयपूरला आणलं, दिवाळीनंतर कॉलेजच्या अंगणात बसवलं. आणि ते कुणीतरी हलवलंय. आज सकाळी नऊला पाहिलं, सूर्याची वेळ मनगटी घड्याळाशी जुळवणारा दुरुस्तीचा तक्ता लावूनही पाव तास मागे. हात लावणारा एकच. लॅबचा शिपाई रामअवतार, रोज ब्रासो चोळतो.

४ डिसें.
फैलावर घेतलं त्याला. म्हणे, "मैडमजी, हिलाया नहीं. ये सुबह पीछे रहती है, शाम को आगे. कब से देख रहा हूँ." वर मलाच शिकवतो! बावीस वर्षं फिजिक्स शिकवतेय मी. प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली.

८ डिसें.
रामअवतारची झालान्याच्या शाखेत बदली. त्याचं घर झोटवाड्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे दोन बस. रिटायरमेंट चार महिन्यांवर. नवरा म्हणाला, "जरा अतीच झालं." म्हटलं, तुझ्या वडिलांची वस्तू असती तर? जेवले नाही.

१० डिसें.
मध्यान्हीला तपासलं. अगदी बरोबर! बसवतानाही मध्यान्हीलाच तपासलं होतं, तेवढंच. पण त्याने फिरवलं असतं तर मध्यान्हही चुकली असती. मग?
कोनमापक लावला. सावली पाडणारा काटा सतरा अंशांवर. अगं बाई. सतरा म्हणजे सांगली! घड्याळ ज्या गावी, काटा त्या गावाच्या अक्षांशाएवढा उचललेला हवा, जयपूरला सत्तावीस. हे दरवर्षी फर्स्ट इयरला फळ्यावर लिहिते मी. गाढव, गाढव! अण्णांचं आहे म्हणजे चुकणारच नाही, असं धरून बसले. तो माणूस खरं सांगत होता आणि मी…

११ डिसें.
उत्तरेकडची कड दहा अंशांनी उचलली, खाली सागवानी पाचर. नऊला बरोबर, तीनलाही. प्राचार्यांना गाठलं. "अब छोड़िए मैडम, ऑर्डर निकल चुका. आपकी ही बदनामी होगी." असा संताप आला! आणि तरी गप्प उठून आले. शरम वाटते.

१३ डिसें.
रामअवतारजींना फोन केला. बसमध्ये होते, मागे कंडक्टर ओरडत होता. चूक माझी होती, म्हटलं. विचारलं त्यांनी, "अब सुबह ठीक चल रही है ना, मैडमजी?"
हो म्हटलं.
तक्रार मागे घेतल्याचं पत्र पर्समध्ये आहे. 'चूक माझी' ही ओळ दोनदा खोडली, तिसऱ्यांदा लिहिली. अजून दिलेलं नाही.