मेजरचं ओरिजिनल पत्र

८ डिसेंबर. सकाळी ७.
दादाचा दिवस. पडवीत त्याच्या फोटोपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. आई दोन ठेवायची. दुसरा कशाला, ते तिने कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर मी एकावर आणलं. आईच्या वेळेपासून घरात काम करणारी केसर वाडीतल्या सुपाऱ्या गोळा करून आली आणि दरवर्षीसारखी म्हणाली, एकच? मी दरवर्षीसारखं दुर्लक्ष केलं.
शाळेसमोरच्या त्याच्या स्मारकाला हार घालायचं बोलावणं होतं. गेले नाही. गुडघा.

११ जानेवारी
मुंबईहून फोन. क्षिप्रा नावाची मुलगी. एकाहत्तरच्या लढाईवर ॲक्शन सिनेमा निघतोय, त्यात सेकंड लेफ्टनंट देवदत्त आहे, म्हणजे आपला दादा. ही पटकथा लिहिते. मला आँटी म्हणाली. मी सांगितलं, मी न्हावा शेव्याला तेवीस वर्षं कंटेनरचे कागद तपासून रिटायर झाले आहे, मला मॅडम म्हणायचं. लगेच सुधारली. शिकण्यासारखी आहे.
निर्णय: आता खरं काय ते जगाला कळू दे. मेजरचं पत्र माझ्याकडे आहे. माझं वय एकाहत्तर. अजून किती थांबायचं?

१९ जानेवारी
क्षिप्रा चौलला घरी आली. नखं निळी, पण बसायची पद्धत चांगली. तिला पत्र दिलं वाचायला. दादाच्या कंपनी कमांडरने बाबांना लिहिलेलं, दोन पानं, इंग्रजी अत्यंत शुद्ध. लढाई थोडा वेळ थांबली होती. दोन्ही मोर्च्यांच्या मध्ये शत्रूकडचा एक पोरगा जखमी होऊन पडला होता, पाणी पाणी करत होता. दादा वॉटर बॉटल घेऊन गेला. त्याला पाजत असताना तोफगोळा पडला. दोघंही गेले. मेजरने लिहिलंय की मला वीस वर्षांत असा अधिकारी मिळाला नाही.
क्षिप्रा रडली. मी नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला चारचौघांत रडू दिलं जात नसे.
मग तिने फोटो काढायला मोबाईल काढला. मी नको म्हटलं. मोबाईलचा फोटो म्हणजे कागद नव्हे. झेरॉक्सवर मी आयुष्यात एक कंटेनर सोडला नाही. सिनेमावाल्यांना दाखवायचं तर ओरिजिनल दाखव. नेलं तिने. तिच्याकडून पावती लिहून घेतली: "मूळ पत्र एक, पाने दोन, सुस्थितीत." सही, तारीख. असं काम असतं.

३ फेब्रुवारी
संमतीपत्र आलं. नऊ पानं. सगळी वाचली. सहा स्वल्पविराम चुकले होते, ते लाल शाईने दुरुस्त केले, सही करून परत पाठवलं. "आवश्यकतेनुसार बदल" वगैरे काही होतं. बदल मीच सुचवणार असल्यामुळे हरकत घेतली नाही.

१५ मार्च
पहिली पटकथा आली. पाणी आहे. पोरगा आहे. दादा त्याचं डोकं मांडीवर घेतो. मांडी क्षिप्राने पदरची घातली, पण चालेल, दादाने घेतलंच असतं.
होस्टेलच्या मैत्रिणींना कळवायची यादी केली. त्यातल्या चार जणी हयात आहेत. यादी छोटी झाली.

२२ एप्रिल
चौथी पटकथा. पोरगा गेला. आता दादा आपल्याच जवानाला पाणी देतो. क्षिप्राचं म्हणणं, रणगाडे हवेत, शूटिंगला जागा हवी, त्याची परवानगी वरून मिळते. वरच्या कुणीतरी म्हटलं, शत्रूला तहान लागलेली कशाला दाखवता?
चार पानी पत्र लिहिलं. यापुढे या लोकांशी एक शब्द बोलायचा नाही.
संध्याकाळी ६.४०. फोन केला. पत्र पोचलं का, एवढंच विचारायला. पाऊण तास बोलले.

१० जून
गणराजशेठ घरी. जिल्ह्यातलं मोठं प्रस्थ, निवडणुकीला उभे राहणार आहेत, सिनेमात त्यांनी पैसे घातलेत. सोबत पाच माणसं, पाचही जणांच्या हातात दोन दोन फोन. सिनेमा निवडणुकीच्या आधी लागणार. गावात दादाचं नवीन स्मारक, पूर्ण उंचीचं, हातात बंदूक. म्हणाले, ताई, तुम्ही आमच्या जिल्ह्याच्या आई आहात.
मी बोलायचं ठरवलं होतं. मुद्दे कागदावर काढले होते, सात. पण माणूस जेवायच्या वेळी आला होता. घावने केले. त्यांनी तिसरा मागितला, मी चौथाही वाढला. मुद्दे चष्म्याच्या डबीत आहेत.

२४ जुलै
सातवी पटकथा. पोरगा परत आला. दादा त्याला पाणी पाजतो. पोरगा पाणी पितो, आणि दादा वळल्यावर त्याच्या पाठीत सुरा घालतो. दादा तशाच अवस्थेत उठून एकेचाळीस जणांना मारतो आणि मरताना म्हणतो की दया ही आमची चूक झाली.
क्षिप्राला फोन लावला. ओरडले. कॉन्व्हेंट विसरून ओरडले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मॅडम, मी प्रत्येक मीटिंगला पत्राची बाजू घेते. ते मला तुमच्या गावच्या स्मारकाचा फोटो दाखवतात. त्यावर लिहिलंय, अकरा शत्रूंना ठार करून वीरमरण. तुमच्या आईची बहात्तर सालची मुलाखत आहे पेपरात, त्यातही अकरा. ते विचारतात, आई खोटं बोलली का? मी काय सांगू?"
मी फोन ठेवला. चौलला रेंजचा त्रास आहे.

२५ जुलै. पहाटे.
ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते.
आई खोटं बोलली नाही. मी बोलले. बाबांना आणि आईला इंग्रजी येत नव्हतं. पत्र आलं तेव्हा मला होस्टेलवरून बोलावून घेतलं होतं. घरापुढच्या खळ्यात सगळी आळी जमली होती. मी सतरा वर्षांची. पत्र वाचलं आणि मराठीत सांगायला तोंड उघडलं. आईचा चेहरा दिसला. शत्रूला पाणी द्यायला गेला आणि मेला, हे तिला कसं सांगायचं? सांगितलं की लढता लढता गेला, त्रास झाला नाही. आळीतल्या कुणीतरी विचारलं, किती मारले? मी अकरा म्हटलं. वर्गात आम्ही अकरा मुली होतो. दुसरा आकडा सुचला नाही.
पत्र आईच्या ट्रंकेत ठेवून आठवड्याने मी होस्टेलला परत गेले. पुढच्या वर्षी दगडावर अकरा कोरले गेले.
सिनेमाने मला खरं बोलायची एक संधी दिली होती. सिनेमावाल्यांनी माझाच आकडा घेतला आणि एकेचाळीस केले.
निर्णय: पहिल्या खेळाला जायचं. संपल्यावर उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. सात मुद्दे नकोत, एकच.

३० ऑक्टोबर. रात्री.
अलिबागला पहिला खेळ. गणराजशेठनी गावातून तीन बस भरून माणसं नेली. मी पहिल्या रांगेत, शेजारी केसर, नव्या लुगड्यात. सुरा घातला तेव्हा मागून शिट्ट्या नाहीत, शिव्या आल्या. त्या पोराला. पडद्यावर तो अठरा वर्षांचा दिसत होता, मिशीसुद्धा नव्हती.
शेवटी पडद्यावर माझं नाव. विशेष आभार. थिएटर उभं राहिलं. शाल, नारळ, माझ्या पाया पडायला रांग. गणराजशेठनी माईक दिला. मी उभी राहिले.
म्हटलं, "सगळ्यांचे आभार. व्यवस्था फार चांगली होती."
येताना बसमध्ये नारळ केसरच्या मांडीवर होता. माईकमध्ये बिघाड असावा, मला माझा आवाज नीट ऐकू आला नाही.

१४ नोव्हेंबर
मुंबईहून पार्सल. पत्र परत, काचेच्या सुंदर फ्रेममध्ये. कागद पिवळा, घडीच्या जागी फाटलेला, शाई फिकट. इंग्रजी शुद्ध. वाचलं. त्यात सुरा आहे.
म्हणजे हे सिनेमातलं पत्र.
क्षिप्राला फोन. ओरिजिनल कला विभागाने नमुन्यासाठी घेतलं होतं. शूटिंग संपलं, सेट मोडला, खोकी भंगारात गेली. ती रडत होती. म्हणाली, मॅडम, त्या दिवशी एक फोटो काढू दिला असता तर.
पावती माझ्याकडे आहे. पाने दोन, सुस्थितीत.

८ डिसेंबर. सकाळी ७.१५.
दादाचा दिवस. तांब्या भरला. केसर म्हणाली, एकच? या वेळी मी विचारलं, दुसरा कुणाचा होता गं?
केसर म्हणाली, "त्या पोराचा न्हाय का? म्हातारी सांगायची, दोगंपन तहानलेलेच गेले."
कुणी सांगितलं तिला, विचारलं. केसर म्हणाली, शाळेतल्या मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं होतं, तू बोर्डिंगला गेल्यावर. आईने त्यांना शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.
मी विचारलं, मग पेपरवाल्याला अकरा का सांगितले?
केसर फोटोकडे बघत म्हणाली, "तू सगळ्यांसमोर सांगितलंस ना. म्हातारी बोलायची, पोरीचा शब्द खोटा पडाया नको. तिला वाईट वाटंल."
आईला जाऊन सत्तावीस वर्षं झाली.
दुसरा तांब्या माळ्यावर मिळाला. काळा पडला होता. चिंचेने घासला, भरला, दादाच्या तांब्याशेजारी ठेवला. त्या पोराला नावाने हाक मारून ठेवावा असं वाटलं. पत्रात त्याचं नाव होतं का? दुसऱ्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत काहीतरी होतं. तेव्हापासून आठवून बघते आहे.
नसेलच नाव. असतं तर माझ्या लक्षात राहिलं असतं. कागदांच्या बाबतीत मी चुकत नाही.