विहिरीकडच्या बरक्याच्या आठळ्या

१९ मे
विहिरीकडचा बरका फणस उतरवला. आठळ्या धुतल्या, सावलीत सुकवल्या, चिठ्ठी लावून पुण्याला रवाना. सायली, माझी पुतणी, तिथे आठळीतल्या प्रथिनांवर चिकटलेली साखर तपासते. शेजारच्या बाबल्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मगे माजी पण बघूक सांग. डागतर निसत्ये गोळये वाढवता." कपाळ! ही ती साखर नव्हे.

२६ मे
सा.चा फोन. साखरेच्या दोन साखळ्या; मणी तेच, वजन तेच, एक मणी फक्त निराळ्या जागी जोडलेला. वजनावरून ओळखणं अशक्य. म्हणून विजेच्या जोराने वायू भरलेल्या नळीतून ढकलतात. आटोपशीर साखळी आधी पोचते, पसरट मागे राहते. म्हटलं, म्हणजे वाऱ्यात मिटलेली छत्री नि उघडी छत्री! ती खूश. "काका, ह्यां मी सरांका सांगतलंय." कॉलेजची पायरी चढलो नाही मी, पण... असो.
विहिरीकडच्यात पसरट साखळी भरपूर निघाली. कुणाला अजून दिसली नव्हती म्हणे.

८ जून
पडताळणीला त्याच झाडाच्या आणखी आठळ्या हव्यात. "हव्या तेवढ्या घे," बोलून बसलो. झाडाखाली गेलो तर वर एक फणस नाही. शेवटचा सौ.ने परवा कापला, आठळ्या भाजीत गेल्या.
कुंपणाच्या दगडी गडग्याकडच्या झाडावर दोन आहेत. ते झाड विहिरीकडच्याच आठळीचं, मी लावलेलं. गर तोच, वास तोच.

९ जून
पाठवल्या. चिठ्ठीवर 'विहिरीकडचा'. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.
सौ. बघत होती. "'नाय' म्हणान सांगलास तर तुमचा नाक कापला जाता काय?"
माझ्या नर्सरीत येईल त्याला मीच ऐकवतो, बियेचं झाड आईसारखं निपजेलच असं नाही, म्हणून तर कलम बांधायचं. तेच तोंड, तोच मी.

२ जुलै
सा.चा फोन. दुसऱ्या खेपेत पसरट साखळी नावालाच. यंत्र तपासलं, चोख आहे. सरांना वाटतं हिनेच पुड्यांची अदलाबदल केली. परिषदेत हे मांडायचं होतं, ते आता थांबवलंय. 
"माजाच कायतरी चुकला आसतला, काका. तुमच्या चिठयेत चूक जावची नाय."
तेव्हा सांगायचं होतं. मी नळीतल्या वायूचा दाब विचारत बसलो. वर आणि म्हटलं, हात धुऊन काम करत जा.
हात धुऊन!

४ जुलै
काजूची कलमं घेऊन तळेऱ्याला. गिऱ्हाईक रोपं न बघताच टेम्पोत चढवायला लागलं. "तुमची चिठ्ठी आसा मा, मगे बघूचा काय?" समोरचा चहा तसाच टाकून उठलो.

६ जुलै
सा. येतेय. झाडाची पानं हवीत. उरलेल्या आठळ्यांशी ताडून बघणार, कुठली खेप त्या झाडाची आणि कुठली नाही. म्हणजे कळणारच. पण कळेल ते एवढंच, की दुसरी पुडी भलत्या झाडाची. ती भरली कुणी, हे पान सांगणार नाही. सर पुन्हा तिच्याकडेच बोट दाखवणार.
हा विचार आला आणि क्षणभर बरं वाटलं. ते इथे लिहून ठेवतो.
सौ.: "आज फोन करा. चेडवाक तोंडार सांगूक अजून कठीण जातला."
केला नाही.

९ जुलै
सकाळीच कट्टा गावच्या एसटी स्टँडवरून तिला घेऊन आलो. वाळलीय. रस्ताभर छत्रीचंच बोलत होती, सर म्हणे आता वर्गात हेच उदाहरण देतात.
ती पेज जेवायला बसली तेवढ्यात पानं काढून आणली. दोन्ही झाडांची. दोन पुड्या. एकीवर लिहिलं, 'विहिरीकडचा'. दुसरी कोरीच ओट्यावर ठेवली. माझ्या हातची पुडी चिठ्ठीशिवाय कधी हलली नाही, हे तिला लहानपणापासून माहीत; विचारेलच.
हात पुसत आली, कोरी पुडी उचलली. "ही खंयची, काका?"
पेन घेऊन येतो म्हटलं. पेन खिशातच होतं. आत येऊन हे लिहितोय. बाहेर सौ. तिला काही सांगत नाहीय, मुद्दामच. 
सा. हाक मारतेय. पुन्हा मारली