हा दात कुणाचा?

प्रिय चिमणे,

शाळेत सोमवारी प्रार्थना झाली की सिस्टर रुमाल तपासायच्या, आठवतं? आपण सगळ्या हात पाठीमागे बांधून उभ्या, आणि अख्ख्या रांगेत इस्त्रीचा रुमाल फक्त तुझ्याकडे. तुझा पाहून सिस्टर पुढे सरकल्या की तोच रुमाल पाठीमागून हातोहात त्यांच्यापुढे धावायचा. शेवटी उभी असायचे मी. माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याचा पार बोळा झालेला असायचा, पण सिस्टर मान डोलवायच्या आणि मी देवाचे आभार मानायचे. (खरं तर तुझ्या आईचे मानायला हवे होते, इस्त्री त्या करायच्या.) परवा खण आवरताना काही कारण नसताना हे आठवलं, आणि वाटलं, चिमणीला पत्र लिहायला हवं.

तुला आशीर्वाद द्यावेत तर तू माझ्याहून मोठी, आणि नमस्कार करावा तर तुझं नाक आधीच वर गेलेलं, म्हणून नुसतं पोटभर प्रेम पाठवते. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला की तो आता घरातलाच झाला? सूनबाईंना विचारलं म्हणून सांग. आम्ही दोघं उत्तम आहोत. हे वाक्य मी मागच्या दोन-तीन पत्रांतही लिहिलं होतं, पण तेव्हा ते सवयीने लिहिलं होतं. आज खरं आहे म्हणून लिहिते आहे. कसं ते सांगते, पण जरा पायरी-पायरीने जाऊ दे, कारण मधल्या पायऱ्यांवर मी बऱ्याच वेळा आपटले आहे.

झालं असं, की माझा पुढचा दात गेला. वरचा, उजवीकडचा. तोच तो शेजारच्यावर चढून बसलेला, ज्याच्यामुळे तुम्ही मला खारूताई म्हणायचात. आपण होऊन पडला असता तर वयाच्या नावावर खपवला असता. पण मी एका दप्तराचा पट्टा शिवत होते, दोरा जाड होता, आणि तो मी दाताने तोडायला गेले. कात्री हाताशी होती. शिवणाऱ्या बाईची कात्री कायम हाताशीच असते, म्हणून तर ती घ्यायचं तिच्या लक्षात राहत नाही. कट् असा आवाज आला. मला वाटलं दोरा तुटला. दोरा अजून शाबूत आहे.

तू म्हणशील, त्यात काय एवढं, दात सगळ्यांचेच जातात. पण बाई गं, माझी मुलगी दंतवैद्य आहे! लग्न होऊन लांब गेली, दवाखाना थाटला, तरी फोनवर पहिलं वाक्य हेच : ‘‘आई, दाताने दोरा तोडत नाहीस ना?’’ आणि त्यातून, वर्षाच्या सुरुवातीला मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली होती, तेव्हा ती इतकी घाबरली की तिने बजावूनच ठेवलं होतं, आता पुन्हा काहीही झालं तर मशीन विकायचं, शिवण बंद, आणि आईबाबांनी मुकाट्याने माझ्याकडे राहायला यायचं. बोलली ते करणारी मुलगी आहे. (माझ्यावर गेलेली नाही.)

तिच्याकडे जायला मला तोंड वाकडं करायचं कारण नाही, जावईही लाखात एक. पण चिमणे, ही समोरची खोली सोडून मी कुठे जाऊ? खिडकीशी मशीन, त्याच्यापुढे स्टूल, आणि स्टुलावर उभी राहून गोल फिरणारी एखादी शाळकरी मुलगी. काही गणवेश मी पहिलीपासून लांबवत आणले आहेत. दुमड उसवली की आधीच्या दुमडींच्या रेघा दिसतात, एकाखाली एक, आणि पोरगी किती वाढली ते त्या रेघा सांगतात. हे माझं जग. ते एका दातापायी जाणार म्हटल्यावर मी काय करावं? मी तोंड मिटलं.

आणि माझ्या बाजूने एकच जण उभा होता, माझा जुना फोन. एकदा त्याच्या डोक्याला गरम इस्त्री टेकली होती, तेव्हापासून त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यावर दुधावर धरते तशी साय आली होती. त्यातून माझा चेहरा अंघोळीनंतरच्या आरशात दिसावा तसा दिसायचा : कोणीतरी बाई आहे, प्रेमळ असावी, एवढंच कळायचं. दात आहेत की नाहीत हे सांगायची त्याची टाप नव्हती. त्यात मी फोन लांब, मशीनच्या चाकाला टेकवून ठेवायची, आणि ‘हं’, ‘उंहूं’ आणि ‘हम्म’ एवढ्यावर भागवायची. (ह्यांनी एवढ्याच भांडवलावर आयुष्यभर संसार केला, मला महिने काढायला काय हरकत होती?) लेक विचारायची, ‘‘आई बोलत का नाही?’’ हे सांगायचे, ‘‘घसा बसलाय तिचा.’’ मग गुळण्या आल्या, वाफ आली, काढे आले. पुढे पुढे घशाच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घ्यायची भाषा सुरू झाली. खोटं बोलायला माणूस सोपं वाक्य निवडतो आणि मग त्याच्यासाठी वाफ घेत बसतो.

अशात एक दिवस लेकीने जाहीर केलं, ‘‘आई, तू मला ढगातून बोलल्यासारखी दिसतेस. नवीन फोन घे. चांगला, सगळ्यात वरचा.’’ जावईबापूंना तर मोकळं रानच मिळालं. त्यांना नवीन फोनचं ते वेड आहे जे इतरांना नातवंडांचं असतं. त्यांनी ह्यांना तासभर समजावलं, की त्या फोनचा कॅमेरा चंद्रावरचे खड्डे दाखवतो. झालं! जो चंद्राला सोडत नाही, तो मला सोडणार होता होय? मी ह्यांच्या तोंडून नाना सबबी सांगितल्या. जुना हाताला सवयीचा आहे, नवा जड असतो, मनगट दुखतं, एवढ्या महागाचा फोन शिवणाच्या चिंध्यांत हरवला तर? प्रत्येकीला उत्तर तयार. दुकान ठरलं, भेट मुलीची ठरली, आम्ही नुसतं जाऊन रंग निवडायचा होता. मी मनाशी ठरवलं, जायचं, प्रत्येक फोनमध्ये खोड काढायची आणि हात हलवत परत यायचं.

दुकान म्हणजे नुसता उजेड. काचेचं काउंटर, त्यावर दावणीला बांधल्यासारखे फोन. दुकानदार बाई आपल्याच वयाच्या आसपासच्या, चष्मा साखळीने गळ्यात. ‘‘या ताई, या काका,’’ म्हणाल्या. (मी ताई आणि हे काका. हा हिशेब ह्यांना अजून पचलेला नाही.) ह्यांनी आयुष्यभर लिफ्टची तपासणी केलेली तुला माहीतच आहे. सरळ आणि तिरकं याशिवाय त्यांना जगात काही दिसत नाही. त्या फोनमध्ये पातळी मोजायची सोय आहे असं कळल्यावर त्यांनी तो काउंटरवर आडवा ठेवला आणि गंभीरपणे बाईंना म्हणाले, ‘‘तुमचं दुकान डावीकडे कललंय.’’ बाई घाबरून उजवीकडे सरकल्या. आणि चिमणे, मला हसू आलं. किती महिन्यांनी आलं कोण जाणे, सगळं तोंड उघडून आलं. तेवढ्यात बाईंनी दुसरा फोन माझ्यावर रोखून फोटो काढला, आणि तो भिंतीवरच्या पडद्यावर जाऊन बसला, दरवाजाएवढा.

मी डोळेच मिटले. मग एक उघडला. भिंतीवर मी हसत होते आणि मला सगळे दात होते.

जिभेने चाचपून पाहिलं. खिंडार जागच्या जागी होतं. भिंतीवर मात्र दात! सरळ, शुभ्र, जाहिरातीतल्या मुलीचा असतो तसा. बाई म्हणाल्या, ‘‘ताई, ह्यात ‘सुंदर चेहरा’ आधीपासूनच चालू असतं. सुरकुत्या, डाग, फटी, फोन आपला आपण भरून काढतो. व्हिडिओवरसुद्धा.’’ म्हणजे रफू! आणि तेही असं की टाका दिसत नाही. मी जन्मभर रफू केलंय, चांगलं काम मला कळतं. ज्या फोनला मी यमदूत समजत होते, तो जुन्यापेक्षा सफाईने खोटं बोलणारा निघाला. जुना नुसता झाकायचा, हा तर नवीन विणून देत होता. मी म्हटलं, ‘‘हाच द्या.’’ ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच डावीकडे कललेय.

‘‘मग मुलीला लावून बघा ना,’’ बाई म्हणाल्या. लावला. लेक दवाखान्यात होती, मास्क हनुवटीवर. मी किती दिवसांनी तिच्याकडे बघून मनमोकळी हसले! ती हसली नाही. ती पडद्याच्या जवळ आली, आणखी जवळ आली, शेवटी नुसता एक डोळा उरला.

‘‘आई, वर बघ. तोंड उघड. अजून.’’

भर दुकानात मी आ केला. (डॉक्टरच्या आईने ऐकायचं नाही तर कोणी?)

‘‘हा दात कुणाचा?’’

‘‘कुणाचा म्हणजे? माझाच की.’’

‘‘तुझा नाही. तुझा तो दात शेजारच्यावर चढलेला आहे. लहानपणी तू मला झोपवताना गायचीस तेव्हा मी खालून तोच बघत असायचे. हा सरळ आहे. कुणी बसवला?’’ आणि मग तिचा आवाज चढला, ‘‘आई, तू दुसऱ्या डॉक्टरकडे गेलीस? पोटची पोर हाच धंदा करत असताना?’’

बघ, जारिणीवरही कोणी असा संशय घेणार नाही. मी ‘उंहूं’वर जायला बघत होते, तेवढ्यात ह्यांना सत्याचा उमाळा आला. ‘‘अगं, डॉक्टरने नाही, फोनने बसवलाय तो!’’ आणि बाई मदतीच्या स्वभावाच्या. त्यांनी पटकन बोट लावून ‘सुंदर चेहरा’ बंद केला. भिंतीवर माझं खिंडार उघडलं, त्यातून एखादी लिफ्ट वर-खाली गेली असती. शेजारी चार्जर घ्यायला आलेला गृहस्थ चार्जर न घेताच उभा राहिला.

मी म्हटलं, आता मशीन गेलं. मग लेक अगदी हळू म्हणाली, ‘‘म्हणून तू बोलत नव्हतीस?’’

‘‘हं,’’ म्हटलं.

‘‘मला वाटलं, मी मशीन विकायचं म्हटलं म्हणून तू अबोला धरलायस. नीट बोलत नाहीस, हसत नाहीस, पटकन फोन ठेवतेस. तुझा चेहरा धड दिसेना, रागावली आहेस की नाही ते कळेना. म्हणून तर म्हटलं नवीन फोन घे.’’ आणि माझी ती करारी पोर, जी दुसऱ्यांच्या अक्कलदाढा उपटते, तिथे खुर्चीत बसून मुसमुसायला लागली. मीही लागले. चार्जरवाल्या गृहस्थांनी मान फिरवली, भला माणूस.

रडता रडता मी विचारून घेतलं, ‘‘मशीन विकायचं का गं?’’ (अशा वेळी विचारलेलं पदरात पडतं.) ती म्हणाली, ‘‘नको. मशीन राहू दे, तूही तिथेच राहा. पण कात्री गळ्यात बांध. आणि काही झालं तर मला सांग. मी ओरडेन, पण सांग.’’ चिमणे, घट्ट झालेल्या कपड्याची कंबर उसवल्यावर जसा श्वास येतो, तसा मला तिथे उभ्या उभ्या आला. किती दिवस मी तो धरून ठेवला होता हे तो सोडल्यावर कळलं.

फोन घेतला नाही. लेकच म्हणाली, जो मला माझ्या आईचा दात खोटा दाखवतो तो मला नको. तरी त्या बाईंचा मोठेपणा बघ, हातचं गिऱ्हाईक गेलं तरी त्यांनी माझा जुना फोन मागून घेतला, उलटसुलट केला आणि नखाने वरचं प्लास्टिक सोलून काढलं. इस्त्रीने करपलं होतं ते तेवढंच. खालची काच लख्ख! म्हणजे ज्याच्या आडोशाला मी एवढे महिने लपले होते, तो नखभर पापुद्रा होता. आता संध्याकाळी लेक मला स्वच्छ बघते, मी फटीतून शीळ घालत खुशाल बोलते, आणि फोन ठेवायची घाई तिलाच असते.

उत्तर लिही. सगळ्यांना यथायोग्य.

तुझी,
खारूताई

ता. क. : फोन घेतला नाही असं वर लिहिलं ते माझ्यापुरतं. हे दुसऱ्या दिवशी एकटेच जाऊन तो घेऊन आले, पातळीसाठी. आता घरातलं प्रत्येक फडताळ कललेलं आहे, आणि माझ्या दुमडी वाकड्या का येतात याचंही कारण सापडलं आहे म्हणे.

आणखी एक : मूळ कामाचं लिहायचं राहिलंच. लेक महिनाअखेर हत्यारं घेऊन येते आहे, दात तीच बसवणार. आणि हट्ट असा, की बसवीन तर वाकडाच, होता तस्सा. त्यासाठी तिला नमुना हवा. पडलेला दात मी पांढऱ्या बटणांच्या डब्यात ठेवला होता, तो आता तिथे नाही. (कुणाच्या शर्टाला लागला असेल तर देव त्याचं भलं करो.) फोटो पाहावेत तर सगळ्यांत मी ओठ मिटलेली, नन्सनी तसंच शिकवलं. दुकानातला तो फोटो सोडला तर जन्मात एकदाच मी फोटोत तोंड उघडून हसले आहे, तुझ्या लग्नात, भावोजी माझ्या पायावर उभे राहिले तेव्हा. तो फोटो तुमच्या बैठकीत आहे. मूळ फोटोला हात लावू नकोस, मोठी प्रत काढून आण आणि तिचे असे वाटे कर : दाताचा तुकडा थेट लेकीच्या दवाखान्यात पाठव. बाकीची मी ह्यांना पाठव, त्यांनी मागितली आहे आणि का ते सांगत नाहीत. सोबतच्या पुडक्यात ह्यांचा आधीचा फोन आहे, तो सूनबाईंना; निळी कापडी पिशवी तुला. प्रतीतले उरलेले भावोजी कुणाला देऊ नकोस, ते तुझ्याकडेच असू देत.