अंडी सोडा, हळूहळू

गुरुवार, दुपार
दुकानातून

आदरणीय दादा,

आपणांस आणि वहिनींना मनापासून नमस्कार. आपली तब्येत उत्तम असेलच (ती आपण ठरवून उत्तम ठेवता, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव). वहिनींची पाठ आता कशी आहे? मुलांचे अभ्यास? इकडे आम्ही दोघं, म्हणजे आई आणि मी, देवाच्या कृपेनं उभे आहोत. खरं सांगायचं तर मी उभा आहे. आईंना चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी अजून फार वेळ उभं राहू दिलेलं नाही.

आपलं पत्र काल मिळालं. येत्या रविवारी आपण गाडी घेऊन येणार, आईंना कायमचं आपल्याकडे नेणार, तरी त्यांचं सामान बांधून ठेवावं, असं आपण लिहिलंत. आपलं म्हणणं शंभर टक्के योग्य आहे. आपली बहीण, म्हणजे माझी बायको, इस्पितळाच्या कामासाठी दीड महिना प्रशिक्षणाला गेलेली. घरात मी एकटा, तोही दिवसभर खाली दुकानात दुसऱ्यांचे वजनकाटे दुरुस्त करत बसणारा. त्यात आईंचं पथ्य हे असं. आपल्याकडे मोठं घर आहे, स्वयंपाकाला बाई आहेत. ह्यावर मी एका शब्दानंही नाही म्हणणार नाही. फक्त आपण शेवटी विचारलंत, ‘आई सध्या नेमकं खाते तरी काय?’, त्याचं उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. फोनवर दिलं असतं, पण फोनवर मी अडखळतो आणि आपण घाईत असता. उत्तर तसं दोन शब्दांचं आहे: अंड्याचं सूप. पण त्या दोन शब्दांपर्यंत पोचायला आम्हाला दहा-बारा दिवस लागले, म्हणून पत्र जरा लांबेल.

आईंच्या आतड्यांना गहू सोसत नाही, हे निदान आपल्याला ठाऊक आहेच. गव्हात ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो त्यांना वर्ज्य. शिवाय रक्तात साखर, म्हणून पिठूळ, गोड असं सगळंच कमी करायचं. आठ किलो वजन उतरलं होतं त्यांचं. आपली बहीण जाताना फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवून गेली. वरच्या भागात पथ्य: गहू सोडा. पाव सोडा. बिस्किटं सोडा. भात सोडा. बटाटा सोडा. साखर सोडा. मग एक रेघ. रेघेखाली सूपची कृती: कांदा लोण्यावर परता, पाणी घाला, मीठ मिरपूड चवीपुरतं, उकळी आली की अंडी सोडा हळूहळू, शेवटी लिंबू पिळा.

दादा, आपण हे वाचलंत आणि आपल्याला काहीच अडलं नसेल. आपण शहरातल्या शाळेत शिकलात. मी गावच्या शाळेतला. सांगितलेलं करावं, का म्हणून विचारू नये, एवढं एकच आमच्या मास्तरांनी पक्कं करून घेतलं होतं. गहू सोडला, पाव सोडला, भात सोडला. आता अंडी सोडा म्हणतात तर तीही सोडू. थोडं नवल वाटलं, नाही असं नाही. सूप अंड्याचं आणि अंडीच सोडायची? पण जरा विचार केल्यावर त्यात मला फार खोल अर्थ दिसला. केव्हा सोडायची? तर उकळी आल्यावर. म्हणजे ऐन मोहाच्या क्षणी! आणि एकदम नाही, हळूहळू. माणसाच्या मनाला ओढ लागलेली असते, ती अशी टप्प्याटप्प्यानंच सुटते. मी देवासमोर रोज दहा मिनिटं बसतो, पण इतकी व्यवहारी शिकवण मला तिथंही मिळाली नव्हती. बायकोविषयी आदर वाढला.

मग मी तसं केलं. पहिल्या दिवशी दोन अंडी शेगडीशेजारी वाटीत ठेवली, उकळी आल्याबरोबर शांत मनानं परत फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी एकच बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी फ्रिज उघडलाच नाही. सूप आईंना नेऊन दिलं. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. (इथं आपल्याला एक सांगायला हवं. आई आमच्याकडे आल्या त्याला नऊ वर्षं झाली, पण ह्या नऊ वर्षांत त्यांचं माझं थेट बोलणं जवळजवळ झालंच नव्हतं. मी समोर बसलेलो असताना त्या मुलीला म्हणत, ‘ह्यांना चहा हवाय का विचार.’ मी त्यांच्यादेखत बायकोला म्हणे, ‘आईंना सांग, नको.’ भांडण नव्हतं, अदब होती. मधला माणूस दीड महिन्यासाठी गेला आणि आम्ही दोघं एकमेकांसमोर भाषा न येणाऱ्या पाहुण्यांसारखे बसलो.) तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चमचा खाली ठेवला.

“जावईबापू, हे कसलं सूप म्हणायचं?”

“अंड्याचं.”

“अंडं कुठंय?”

“सोडलं.”

त्यांनी चमच्यानं तळापर्यंत ढवळून पाहिलं. “कधी सोडलंत?”

“उकळी आल्यावर. कागदावर आहे तसंच.”

“मग दिसत का नाही?”

“आई, सोडल्यावर कसं दिसेल?”

त्यांनी उरलेलं मिरपुडीचं पाणी पिऊन टाकलं. आई हट्टी आहेत, पण अन्नाला नावं ठेवणाऱ्या नाहीत, हे आपण जाणताच.

मी खाली दुकानात येऊन विचार केला. काट्यात चूक असली तर मी वजनांना दोष देत नाही, काटाच उघडून पाहतो. वर जाऊन कागद पुन्हा वाचला आणि लख्ख प्रकाश पडला. आपली बहीण लिहिताना स्वल्पविराम देत नाही! अंडी, सोडा. दोन जिन्नस होते ते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून खाण्याच्या सोड्याची पुडी आणली. चौथ्या दिवशी दोन अंडी आख्खी, कवचासकट, उकळत्या पाण्यात ठेवली. (फोडा असं कुठं लिहिलं होतं? आणि बंद वस्तू विनाकारण फोडणं मला आवडत नाही.) वर तीन चमचे सोडा घातला, हळूहळू. इथवर सगळं ठीक होतं. मग शेवटी लिंबू पिळलं.

दादा, ते सूप उठलं. दुसरा शब्द नाही. भांड्यातून वर आलं, शेगडीवर उतरलं, शेगडीवरून ओट्यावर गेलं आणि ओट्यावरून माझ्या चपलांवर. आवाजानं आई भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पांढऱ्या फेसात दोन अंडी गळ्यापर्यंत बसली होती, मधूनच डोलत होती.

“जावईबापू,” आई म्हणाल्या, “ह्यांना खायचं आहे, की न्हाऊ घातलेल्या बाळांसारखं पुसून पावडर लावायची आहे?”

मी कागद त्यांच्या हातात दिला आणि स्वल्पविरामाचा शोध समजावून सांगितला. आधीच्या तीन दिवसांतला खोल अर्थही सांगितला, कारण लपवून ठेवणं बरं नव्हे. त्यांनी भिंग मागितलं, कागद वाचला, परत वाचला. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं चक्कर आली. मी खुर्ची पुढं ओढली, पाण्याचा पेला आणला. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, एक हात पोटावर, आणि मधूनमधून फक्त ‘मोहाच्या क्षणी!’ एवढंच. नऊ वर्षांत मी त्यांचं हसू कधी ऐकलं नव्हतं. तुमचे बाबा गेल्यावर त्यांनी ते कुठंतरी ठेवून दिलं असावं, असा माझा आपला समज होता.

तेव्हापासून ती खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातच आहे. आई बसून सांगतात, मी उभा राहून करतो. सोपं मुळीच नव्हतं. पहिलं अंडं मी फोडलं ते ओट्याच्या कडेवर इतक्या हळुवार टिचकीनं की आई म्हणाल्या, दार वाजवताय का, आत कोणी नाहीये. दुसरं इतक्या जोरात की ते भिंतीवर गेलं. मग मिठावरून आमचा दोन दिवस वाद झाला. चवीपुरतं म्हणजे किती? माझं उभं आयुष्य मापात गेलं. मी दुकानातला सोनारी काटा वर नेला आणि साडेतीन ग्रॅम मोजून दिले. आईंनी एक घोट घेतला, म्हणाल्या, “कोणाच्या चवीपुरतं, माझ्या की काट्याच्या?” मी काटा खाली नेऊन ठेवला. आजाऱ्याच्या तोंडाची चव रोज वेगळी असते, आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही. एवढी साधी गोष्ट मी काट्यांत इतकी वर्षं डोकं घालून बसल्यामुळे शिकायची राहून गेली.

अंडी धारेनं सोडायची असतात, हे तर आपल्याला कळलं असेलच. मला कळलं, पण हाताला कळेना. फेटलेली अंडी एकदम पडायची आणि खोडरबरासारखा एक गोळा तरंगायचा. शेजारच्या बेकरीवाल्यानं सल्ला दिला की दोन चमचे मैदा लाव, सूप कसं मखमली होईल. माझा हात मैद्याच्या डब्यावर गेलाही होता, तोच मागून आई कडाडल्या, “सोडा तो डबा!” ह्या वेळी अर्थ ताबडतोब कळला. मैदा म्हणजे गहूच, हे मला सुचायला हवं होतं. त्या दिवशी मी फार ओशाळलो. डबा बेकरीवाल्याला देऊन टाकला.

धारेवरचा उपाय शेवटी दुकानात सापडला. काट्यांच्या सांध्यांत तेल सोडायला आमच्याकडे लांब, बारीक चोचीची कुपी असते. एक कोरी, न वापरलेली होती. गरम पाण्यानं तीनदा धुतली, फेटलेली अंडी गाळून तीत भरली, एका हातानं सूप गोल ढवळत दुसऱ्या हातानं धार सोडली. पाण्यात पिवळ्या फिती उमलत गेल्या. पाहून माझे हात आपोआप जोडले गेले असते, पण दोन्ही अडकलेले होते. आई खुर्चीतून उठून भांड्यात वाकून बघत होत्या, आणि आपण उभ्या आहोत हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दोन वाट्या घेतल्या.

आपल्या बहिणीला ह्यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती प्रशिक्षण टाकून दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली असती. रोज तिचा फोन येतो, मी म्हणतो सूप उत्तम, आणि आई मागून म्हणतात, “फार हलकं गं, पोटात गेल्यासारखं वाटतच नाही.” बिनअंड्याच्या दिवसांत तर हे अक्षरशः खरं होतं. काल मी आईंना धान्याच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. (आधी ‘मी काय बटाट्याचं पोतं आहे का’ म्हणाल्या, मग चपला काढून चढल्या.) आपली बहीण गेली तेव्हा अडतीस किलो दोनशे. काल अडतीस किलो नऊशे. काटा सकाळीच तपासलेला होता.

तर आपल्या प्रश्नाचं हे उत्तर. आईंचं सामान फार नाही. एक पेटी, एक पिशवी, भिंग. रविवारी सगळं तयार असेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या बाईंसाठी कृती वेगळ्या कागदावर लिहून द्यायची ठरवली होती. बसलो, पण लिहिता येईना. कांदा, लोणी, अंडी ह्यापुढं जाता येत नाही. दारात खुर्ची लागते आणि खुर्चीतून कोणीतरी टोमणे मारत राहावं लागतं, हे कृतीत कसं लिहायचं?

ता. क. आमच्या दारापुढचा रस्ता खणलेला आहे, गाडी आत येणार नाही. म्हणून रविवारऐवजी पुढे कधीतरी पाहावं.

ता. क. वरचा मजकूर खोडायचा होता, पण कागद खराब होईल. रस्ता मंगळवारीच बुजवला. खोटं लिहिणं माझ्या धंद्याला शोभत नाही. दादा, खरं सांगतो. रविवारी आपण जरूर या, वहिनींनाही आणा, सूप मी करीन. पण आईंना नेऊ नका. पथ्य मी सांभाळीन. नऊ वर्षांनी आमचं बोलणं आता कुठं सुरू झालंय. आपण मोठे आहात, आपल्याला नाही म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणून हे समोर न बोलता इथं खाली लिहिलं. राग मानू नये.

(कागदाच्या पाठीमागे, दुसऱ्या अक्षरात)

बाळा, पाकीट चिकटवायला जावईबापूंनी माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. पंधरा दिवसांपूर्वी ‘मला इथून घेऊन जा’ असा फोन मी तुला केला होता, तो हे खाली दुकानात असताना. त्यांना तो ठाऊक नाही. त्यांना वाटतंय, न्यायचं तुझ्याच मनात आलं. तो फोन आता विसर. रविवारी दोघं या, जेवा, आणि तुमचे तुम्ही परत जा. फोनचं त्यांच्याकडे काढू नकोस. हे पत्र लिहायला त्यांना सबंध दुपार लागली, दोन काट्यांची कामं तशीच राहिली. त्यांनीच तुला अडवलं, असं त्यांना वाटू दे.