कागदावरच्या पाझर तलावाची बातमी

मंगळवारी सकाळी पंचशील म्हणून झाल्यावर मी दोन वर्षांपूर्वी लिहिलेले मृत्युपत्र पिशवीत घातले आणि झुंबरबाईंच्या घरी गेलो. ते साक्षीदारांवाचून पडून होते. साक्षीदार म्हणून बाईंचा अंगठा हवा होता. तो त्यांनी दिला नाही, म्हणून हे नवे लिहितो.

मी, जालिंदर किसन भैलुमे, वय एकोणपन्नास, साप्ताहिकाचा संपादक, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहमदनगर. डॉक्टरांनी हृदयाचे सांगितले आहे, डोक्याचे काही सांगितलेले नाही. तेव्हा शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय लिहितो. आधीचे लिखाण रद्द समजावे.

१. राहते घर पत्नी बनाबाई हिचे. कागदाची रिमे घरात नकोत, असे ती वीस वर्षे सांगत आली. आता तिने ती खुशाल बाहेर काढावीत.

२. दीड एकर जमीन मुलगा पंकज याची. चुलतभाऊ छगन याने बांध दोनदा सरकवला. त्याला मी माफ केले आहे. बांध मात्र मोजून घ्यावा.

३. छपाईचे ट्रेडल मशीन व अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या कंपोझिटर सूर्यभान यांना. लग्नपत्रिका छापून त्यांनीच साप्ताहिक जगवले.

४. स्टँडसमोरचा गाळा फोनसह नगरच्या पत्रकार दीपा यांच्याकडे द्यावा. खेड्यातल्या वार्ताहरांसाठी त्या इंटरनेटवर पान चालवतात. कोणाला धमकी आली, कोणाची बातमी दाबली, ते तिथे येते. गाळ्यात त्या कंप्युटर ठेवतील. आसपासच्या कोणत्याही वार्ताहराने तिथे बसून बातमी पाठवावी. जाहिरातदाराला आधी वाचून दाखवू नये. मी दाखवत असे.

५. आता हजेरीपटाच्या नकलांविषयी. १९९३ साली रोजगार हमीतून आमच्याकडे पाझर तलाव झाल्याचे कागद सांगत होते. जागेवर बाभळी होत्या. नकला माझ्या हाती आल्या. त्यांत झुंबरबाईंचे मालक वारल्यानंतरही दोन महिने कामावर हजर होते. मी बातमी छापली. सकाळी आठच्या आत ठेकेदाराच्या माणसांनी स्टँडवरचे सगळे गठ्ठे उचलले. गावात एकानेही ती वाचली नाही. पुन्हा छापायला हवी होती. पुढच्या अंकात मी त्याच ठेकेदाराला वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा छापल्या. वर्षभरात पंकजला त्याच्याच संस्थेत मास्तरकी लागली आणि माझे तोंड कायमचे बंद झाले. तेव्हापासून रोज सकाळी खोटे न बोलण्याचे शील आले की माझा आवाज खाली जायचा.

म्हणून आधी लिहिले होते, की माझ्या मृत्यूनंतर ही बातमी पुन्हा छापावी. मंगळवारी ते कलम मी झुंबरबाईंना वाचून दाखवले. त्या बाजरी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊ, माझ्या मालकाला मेल्यावर कामाला लावलं. आता तुमी बी मेल्यावरच कामाला लागनार व्हय?"

"बाई, पंकजची नोकरी हाय तिथं."

"मग त्याला इचारलंय का कधी?"

विचारले नव्हते. शाळा सुटून पंकज घरी आला, तेव्हा सगळे सांगितले. तो हसला. "दादा, पाच वर्षं तुमी माझ्या नावानं भ्यालात, आन् मला पत्ता न्हाई! मास्तरकी गेली तर गेली, शिकवन्या घेईन. तुमी जावा नगरला."

काल सकाळी गेलो. दीपा यांनी तो जुना अंक आणि नकला काचेच्या मशीनवर पालथ्या घालून त्यांची चित्रे इंटरनेटवर चढवली. मराठी अक्षरे सगळ्यांच्या कंप्युटरवर नीट उमटत नाहीत, म्हणून पानाचे चित्रच.

मी विचारले, "आन् ह्ये बी कुनी समदं उचलून नेलं तर?"

"काका, उचलायला गठ्ठाच नाही. नाव कोणाचं टाकू?"

मी पूर्ण नाव सांगितले, पत्त्यासह. परतीच्या एसटीत मला अशी झोप लागली, की मिरजगावला कंडक्टरने उठवले.

वारसांनी ध्यानात घ्यावे: या नकलांबाबत माझ्यामागे कोणी काही करायचे राहिलेले नाही. बातमी मी जिवंतपणी, माझ्या नावाने दिली आहे.

सही: जालिंदर किसन भैलुमे

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. आदिनाथ रावजी खेतमाळीस, निवृत्त शिक्षक
२. रेश्मा शौकत तांबोळी, परिचारिका

मिरजगाव, गुरुवार, १८ नोव्हेंबर १९९९